दूध उतू गेलेलं घर

आमच्या घरात कोरा कागद कधी सापडायचा नाही. जो कागद असायचा त्याच्या एका बाजूला काहीतरी छापलेलं असायचं आणि दुसऱ्या बाजूला माझी गणितं. गेट मीटिंगची हाक, बोनसचा प्रश्न, हुंड्याचा निषेध, बुवाबाजीपासून सावध राहा. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर, त्यामुळे 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'धिक्कार' वाचता यायचा असं आई सांगायची. हे ती कौतुकाने सांगायची की वैतागून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबा मानपाड्याच्या पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत पिठाच्या डब्याशेजारी सायक्लोस्टाईलचं मशीन होतं. हँडल फिरवलं की खटाक-सर्र, खटाक-सर्र असा आवाज यायचा, आणि ओले कागद बाबांच्या बनियनांशेजारी दोरीवर वाळत पडायचे. शाईचा वास सगळ्याला लागायचा, अगदी कुळथाच्या पिठल्यालाही. आईने देव सोडले होते, म्हणजे बाबांच्या घरात आल्यावर सोडावे लागले होते. पण पिठाच्या डब्यामागे एक पत्र्याची डबी होती आणि तिच्यात एक पितळी बाळकृष्ण होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं. बाबांनाही माहीत असावं. ते पीठ काढायला कधी गेले नाहीत.

माझं नाव क्रांती. हे नाव घेऊन शाळेत जाणं म्हणजे काय असतं ते ज्यांचं नाव सुनीता किंवा वैशाली आहे त्यांना कळायचं नाही. त्यात आठवीनंतर बाबांनी मला टेक्निकलला घातलं. बाकीच्या मुली शिवण आणि पाककलेला गेल्या. आई म्हणाली, "मुलीच्या जातीने गवंड्याची थापी धरायची?" बाबा म्हणाले, "धरायची. हाताला काम नसलं की डोक्यातला विचार नुसता कुजतो." असली वाक्यं ते पत्रकात लिहायचे, आणि मग घरी ती माझ्यावर अमलात आणायचे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं म्हणा, कारण तोवर मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

टेक्निकलची वर्कशॉप म्हणजे मैदानाच्या टोकाला एक लांब पत्र्याची शेड. आम्हाला शिकवायला महाडिक सर होते. उंच, किंचित वाकलेले, आणि बोटांच्या पेरांत सिमेंट इतकं मुरलेलं की ते खडूने लिहायला लागले की खडू कुठला आणि बोट कुठलं कळायचं नाही. आमच्या शाळेत गवंडीकाम शिकवायची एक पद्धत होती. प्रत्येक तुकडीने मातीच्या गाऱ्यात छातीभर उंचीची भिंत बांधायची. सर ओळंबा लावून ती सरळ आहे का बघायचे, गुण द्यायचे, आणि मग ती भिंत पाडायची. त्याच विटा खरवडून पुढच्या तुकडीला द्यायच्या. सर ही नोकरी धरल्यापासून हेच करत होते. आमच्या तुकडीची भिंत पाडायची वेळ आली तेव्हा त्यांनी हातोडा उचलला, खाली ठेवला आणि तिच्यावरच बसून राहिले. म्हणाले, "कंटाळा आला रे पोरांनो. आयुष्यभर बांधलं आणि पाडलं. एक तरी उभी राहू दे."

त्यातून ते घर निघालं. शाळेच्या फाटकाशी शेवंताबाई राहायच्या. त्यांचा नवरा शाळेचा राखणदार होता. तो गेल्यावर घंटा, झाडलोट आणि राखण असं सगळं त्यांच्याकडे आलं. राहायला पत्रे आणि गोणपाटाचं खोपटं. सर संस्थेच्या चिटणीसांकडे गेले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. सरांनी सांगितलं, सामान संस्थेने द्यावं, काम मुलं करतील, आणि शेवंताबाईंना दोन खोल्यांचं घर होईल. भाऊसाहेबांनी मुहूर्त बघून होकार दिला. मुहूर्ताशिवाय ते काहीच करत नसत. शाळेच्या नव्या टाइपरायटरलासुद्धा त्यांनी हळदकुंकू वाहून घेतलं होतं. नारळ फोडताना सगळ्यांसमोर ते म्हणाले, "बाई, हे घर तुमचं." शेवंताबाईंनी पदर डोक्यावर ओढला.

आता मी घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहते. भिंतीवर टकटक केली तर पलीकडून कुणीतरी 'कोण आहे' विचारेल इतकी ती पातळ आहे. म्हणून कदाचित ते घर मला फार जाड, फार जड आठवतं. आम्ही पाया खणला, दगड भरले, विटा रचल्या. कुणी रंधा मारायला शिकलं, कुणी वायरिंग. मोहन आमच्यात सगळ्यात बरा सुतार. तो मानपाड्याकडच्या एका आगरी गावातला, घरी म्हशी, बोलणं तोफेसारखं. मी काम थांबवून काहीतरी मुद्दा मांडायला लागले की तो ओरडायचा, "ए क्रांती, आधी घमेलं उचल, मग जग बदल!" मी घमेलं उचलायचे. डोक्यावर चुंबळ ठेवून ओलं सिमेंट वाहायचं, ते कानामागून पाठीत ओघळायचं, संध्याकाळी केस धुताना आई दगडासारख्या गुठळ्या काढायची आणि बाबांकडे बघायची. बाबा पेपर वर धरायचे.

सिमेंटच्या कामाची एक गंमत अशी की ते वाळू द्यायचं नसतं. बांधून झालं की पुढचे कितीतरी दिवस त्याला ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते भुसभुशीत होतं. याला पाणी मारणं म्हणतात. आणि डोंबिवलीत नेमकं पाणीच नव्हतं. नळ पहाटे यायचा आणि बादली भरेभरेतो जायचा. सरांनी नियम केला की प्रत्येकाने घरून येताना एक डबाभर पाणी आणायचं. दप्तर एका खांद्याला आणि हातात रॉकेलचा धुतलेला डबा, अशी आमची वरात शाळेत जायची. आईने पहिल्या दिवशी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी डब्यात ओतलं. "हे ने. भिंतीला काय कळतंय." मी संकोचत सरांना दाखवलं तर ते कधी नव्हे ते हसले. "ओत. भिंत पौष्टिक होईल."

स्लॅब ओतला तो परीक्षा झाल्यावर. त्याला तर सगळ्यात जास्त पाणी लागतं, आणि बाकी सगळे सुट्टीला आपापल्या गावी पांगले. बाबांच्या कारखान्यात तोवर टाळेबंदी झाली होती, म्हणून आम्ही मात्र कुठे गेलो नाही. मी दुपारी शाळेकडे चक्कर मारायचे. शेवंताबाई मोहनच्या गावच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणून शिडीने वर चढत असायच्या. कळशी डोक्यावर, एका हाताने शिडी. स्लॅबवर गोणपाटं अंथरली होती, ती त्या भिजवायच्या, आणि खाली उतरून परत चालायला लागायच्या. मी मदतीला गेले की म्हणायच्या, "नको गं बाय, तू वरनं परशील, तुजी आई माना बोलंल." त्यांची पावलं उन्हाने तडकली होती. मी त्यांना विचारलं, थकत नाही का तुम्ही? त्या म्हणाल्या, "थकतंय ना. पन घर पान्याबिगर र्‍हाईल कसा?" त्या सगळ्या उन्हाळ्यात त्या घराला पाणी पाजणारं माणूस तेवढं एकच होतं.

शाळा उघडली, गिलावा झाला, मोहनने चौकट आणि उंबरठा बसवला. सागवानाचा नव्हे, साध्याच लाकडाचा, पण त्याने तो इतका घासला होता की बसायचा मोह व्हावा. स्वयंपाकाचा ओटा माझ्याकडे होता. मैदान सपाट करायचं म्हणून शेवंताबाईंचं खोपटं आधीच पाडलं होतं, आणि त्यांचं गाठोडं, चूल, स्टोव्ह सगळं वर्कशॉपच्या कोपऱ्यात येऊन पडलं होतं. अशात एक दिवस भाऊसाहेब घर बघायला आले. खोल्यांतून फिरले, भिंतीवर तळहात ठेवला, खिडक्या उघडून बघितल्या. बाहेर येऊन म्हणाले, "महाडिक, काम फारच सुरेख झालंय. इतकं सुरेख की आता कार्यालयच इथे हलवावं असं वाटतंय. बाईंची काहीतरी सोय करू."

सर म्हणाले, "भाऊसाहेब, आपण नारळ फोडताना..."

"हो, हो. सोय करू म्हटलं ना." आणि ते गेले. जाता जाता सांगून गेले की पुढच्या आठवड्यात चांगला दिवस आहे, सत्यनारायण घालून कार्यालयाचं उद्घाटन करून टाकू.

मी धावत घरी आले आणि स्टेन्सिल कापायला बसले. डोकं नुसतं पेटलं होतं. मथळा होता: 'घाम विद्यार्थ्यांचा, पाणी शेवंताबाईंचं, घर कार्यालयाचं?' बाबा टाळेबंदीपासून घरीच असायचे, दाढी वाढलेली, मशीनवर फडका टाकलेला. त्यांनी मजकूर वाचला. मला वाटलं, पाठ थोपटतील. ते म्हणाले, "'धिक्कार' तीनदा आलाय. एकदा ठेव. तीनदा म्हटलं की लोकांना सवय होते." मग फडका काढला आणि हँडल स्वतः फिरवायला बसले. खटाक-सर्र. कितीतरी दिवसांनी तो आवाज घरात आला. आई भाकऱ्या थापत होती, तिने मान वर केली नाही.

ते पत्रक आम्ही शाळेच्या फाटकावर, बाजारात, स्टेशनच्या जिन्यावर वाटलं. लोक घेत होते. डोंबिवलीतले लोक पत्रक नेहमीच घेतात, सभ्य आहेत. चौथ्या दिवशी मोहनने मला भजी आणून दिली, ती माझ्याच मथळ्यात बांधलेली होती. "चविष्ट लिहितेस," तो म्हणाला, आणि माझं तोंड बघून लगेच म्हणाला, "सॉरी." परिणाम झाले ते असे: सरांकडे संस्थेने लेखी खुलासा मागितला. चार मुलांच्या आईवडिलांनी, दहावीचं वर्ष आहे, म्हणून त्यांना वर्कशॉपमधून काढून घेतलं. आणि संध्याकाळी शेवंताबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर येईनात.

"माजा नाव कनाला छापलास गो?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घर गेला तं गेला. आता नोकरी पन जाईल. मंग मी घंटा कुठं वाजवू?"

मी हक्काबद्दल काहीतरी बोलायला लागले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी गप्प झाले. आईने शेवंताबाईंचा हात धरून त्यांना आत ओढलं, चहा ठेवला, सुकटीची चटणी आणि भाकरी पुढे केली. त्या जेवत असताना आईने विचारलं, "भाऊसाहेबांचा सत्यनारायण कधी आहे?"

"शुक्करवारी, सकालचे."

"म्हणजे त्या घरात अजून कुणी दूध उतू घातलेलं नाही."

बाबांनी वर बघितलं. मीही. आई भांडं विसळत, आमच्याकडे पाठ करून बोलत होती. "नव्या घरात पहिलं दूध जिच्या हातून उतू जातं, घर तिने भरलं. भरल्या घरातून बाईला उठवायची भाऊसाहेबांची छाती होणार नाही. टाइपरायटरला हळद लावणारा माणूस तो."

"आई, ही अंधश्रद्धा आहे!" मी म्हटलं.

"आहे. तुमची श्रद्धा भज्यांना गुंडाळून झाली ना?"

मग शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "पन मी रांडव बाई. माज्या हातान कसा?" विधवेने शुभकार्याला हात लावायचा नाही, हे त्यांना लहानपणापासून जितकं पक्कं माहीत होतं तितकंच आईलाही. आईने ओल्या हातानेच त्यांच्या समोर बसकण मारली. "ज्या हाताने भिंतींना पाणी पाजलं, त्याच हाताने दूध तापेल. न तापायला काय झालं?" हे वाक्य बाबांनी कुठल्याही पत्रकात आनंदाने घेतलं असतं. पण ते म्हणाले, "मला विचारू नका. मी बाहेर जाऊन येतो." आणि चपला घालून गेले.

शुक्रवारी शाळेच्या प्रार्थनेआधी आम्ही त्या घरात जमलो. सर आले होते. खुलाशाचं पत्र त्यांच्या खिशातून डोकावत होतं. मोहनने घरच्या म्हशीचं दूध आणलं, आईने कोरं पातेलं, आणि पिठाच्या डब्यामागची पत्र्याची डबी पदराखाली. ओट्यावर तीन विटांची चूल मांडायची होती. सरांनी माझ्याकडे बघितलं. "ओटा तुझा आहे. तूच मांड."

मी उभी राहिले. बाबांनी वास्तुशांतीविरुद्ध लिहिलेलं पत्रक मला तोंडपाठ होतं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी भागाकार शिकले होते. मला वाटत होतं की मी या विटा मांडल्या तर उद्यापासून मला कुठलंच वाक्य जोरात म्हणता येणार नाही. आणि नाही मांडल्या तर शेवंताबाई आज वर्कशॉपच्या कोपऱ्यातच झोपतील. त्या दाराबाहेर उभ्या होत्या, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायला घाबरत. धुवट लुगडं, कपाळ रिकामं. मी विटा उचलल्या, सरांनी शिकवल्याप्रमाणे ठोकून आवाज ऐकला, पाण्यात बुडवल्या आणि मांडल्या. दोन शेजारी, एक मागे. "लेव्हल बघ," सर सवयीने म्हणाले.

आईने शेवंताबाईंना हाताला धरून आत आणलं. काड्या पेटल्या, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले. दूध लवकर तापेना. बाहेर मांडववाले चौरंग, केळीचे खांब उतरवू लागले होते. मोहन दारात उभा राहून बघत होता. "आले, आले, भाऊसाहेब आले," तो म्हणाला, आणि मग आगरीत एक शिवी हासडून म्हणाला, "चढ ना रं दुधा!" आणि दूध चढलं. साय फुगली, काठावर थरथरली, आणि दूध पूर्वेच्या अंगाने ओघळून माझ्या विटांवर चर्र करून सांडलं. शेवंताबाईंनी दोन्ही हात जोडले आणि तशाच उभ्या राहिल्या.

भाऊसाहेब भटजींना घेऊन दाराशी आले. आत धूर, जळक्या दुधाचा वास, चुलीपुढे शेवंताबाई. त्यांना काय झालंय ते एका नजरेत कळलं. चेहरा लाल झाला. "हे कुणी करायला सांगितलं? आणि हिच्या हातून?"

सर तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे झाली. "दूध उतू गेलं, भाऊसाहेब. पूर्वेला गेलं. बघा ना."

भाऊसाहेबांनी भटजींकडे बघितलं. भटजी जमिनीकडे बघत होते. मी भाऊसाहेबांच्या पायांकडे बघत होते, कारण त्यांचा एक पाय उचललेला होता आणि उंबरठ्यावर अडलेला होता. तो तसाच मागे गेला. मग त्यांनी खाली वाकून चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी आत आले. चुलीसमोर उभं राहून हात जोडले. बाहेर पडताना शेवंताबाईंकडे न बघता म्हणाले, "राहा, बाई." आणि मांडववाल्यांना केळीचे खांब परत गाडीत चढवायला सांगितले.

पोरांनी आरडाओरडा केला. सर ओट्याला टेकून बसले होते, डोळे मिटून. मला आनंद झाला का? झाला असावा. पण मला आठवतो तो थकवा. आपलं सगळं बळ लावून ढकलत असलेलं दार दुसऱ्याच कुणीतरी आतून उघडावं, तसा. पातेल्यात उरलेल्या दुधाची आईने खीर केली. बाबा रात्री जेवायला बसले, तिने वाटी पुढे ठेवली. ते कशाची खीर आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ती संपवली आणि म्हणाले, "साखर कमी आहे." तेवढंच. पत्र्याची डबी त्यानंतर पिठाच्या डब्यामागून पुढे आली.

शेवंताबाई त्या घरात राहिल्या, भाऊसाहेब होते तोवर. कागदावर काहीच झालेलं नव्हतं. राहा म्हटलं आणि राहिल्या. पुढे नव्वदच्या दशकात भाऊसाहेब वारले आणि त्यांचे चिरंजीव संस्थेत आले. शिकलेले, हुशार, बोलायला गोड. त्यांना मुहूर्त लागत नसे, पंचांग त्यांच्या टेबलावर कधी दिसलं नाही. मैदानाच्या त्या बाजूला संगणकाची इमारत व्हायची होती. शेवंताबाईंची नोकरी संपतच आली होती. ते आर्किटेक्टला घेऊन घर बघायला आले तेव्हा मी तिथे होते, बातमी ऐकून ठाण्याहून मुद्दाम गेले होते. शेवंताबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायब, मी हितं दूध उतू घातलेला हाय. तुमच्या बापानं बघितलेला हाय." ते खरंच नम्रपणे म्हणाले, "आजी, या सगळ्या जुन्या समजुती आहेत." आणि उंबरठा ओलांडून, बूट घालून, आत गेले.

दुधाला आणि नारळाला न घाबरणारा माणूस यावा म्हणून माझ्या बाबांनी आयुष्यभर हँडल फिरवलं होतं. तो आला तो असा. मी त्याच्या बुटांचे ठसे मोहनने घासलेल्या लाकडावर बघत राहिले, आणि मला पहिल्यांदा बाबांची टाळेबंदीतली ती वाढलेली दाढी कळली.

घर पाडायला मजूर आले त्या दिवशी महाडिक सर आले नाहीत. मोहन आला. त्याचं तेव्हा स्वतःचं फर्निचरचं दुकान होतं. त्याने चौकट आणि उंबरठा जपून सोडवला आणि टेम्पोत घातला, शेवंताबाईंच्या भाच्याच्या घरी लावायला. त्या तिकडेच राहायला निघाल्या होत्या. भिंत फोडायला मजुरांना घाम फुटला. एकजण वैतागून म्हणाला, "काय घातलंय काय हिच्यात?" मी सांगणार होते, तांदळाचं पाणी. नाही सांगितलं.

शेवंताबाई टेम्पोत मोहनशेजारी बसल्या, गाठोडं मांडीवर. फार थकलेल्या दिसत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात उलटा करून बोटांकडे बघितलं. बोटांना शाई होती.

"आजून छापतस ते कागद?"

"छापते."

मोहनने गाडी सुरू केली.

"मंग ह्याचा पन छाप," त्या म्हणाल्या. "आन या खेपंला माजा नाव घाल. पुरा घाल. शेवंता बाळाराम म्हात्रे."